चंचीतल्या बिननावाच्या गोळ्या

कामरगावच्या बसस्टँडसमोर एकतीस वर्षं मी औषधाचं दुकान चालवलं, आणि औषधाचं नाव घेऊन औषध मागणारी माणसं मला त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. बाकी सगळा कारभार खुणांवर. "म्याडम, ते अर्धी लाल अर्धी पांढरी द्या." "ते कडू नसते, ते." "मांगच्या बुधवारी माह्या भाच्यानं नेली, तेच." भाचा कोणता आणि बुधवार कोणता, हे मला ठाऊक असणारच अशी त्यांची खात्री असायची. आणि फुशारकी म्हणा हवं तर, पण बहुतेक वेळा ते मला ठाऊक असायचंच.

मी मूळची मेडशीची. आमच्या घरातली फार्मसी शिकलेली पहिली मुलगी. लग्न होऊन कामरगावात आले, मिस्टर इथल्याच शाळेत मास्तर. दुकान सुरू केलं तेव्हा पहिलं वर्षभर लोक मला मेडिकलवाल्याची बायको समजायचे. एक आजोबा तर बाकावर अर्धा तास बसून राहिले. मी दोनदा विचारलं, काय पाहिजे. म्हणाले, "मेडिकलवाले येऊ द्या, मंग सांगतो." मी म्हटलं, "बाबाजी, मेडिकलवाले मीच आहो." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, भिंतीवरचं सर्टिफिकेट पाहिलं, आणि म्हणाले, "मंग इतका वेळ सांगतलं काहून नाही?" पुढं हेच आजोबा दुसऱ्या कुणाकडून खोकल्याचं औषधसुद्धा घेईनात.

आता दुकान दुसऱ्याच्या हाती दिलं आहे. या अंकासाठी लिहा असं संपादकांनी म्हटल्यावर मी मिस्टरांना विचारलं, कशावर लिहू? ते म्हणाले, "ज्या गोळीवर तू मला रोज जेवताना पकवलं, त्या गोळीवर लिही." तेव्हा ही हकिगत नसेच्या गोळीची. मिस्टर सुटले, आता तुमची पाळी.

आधी थोडं समजावून सांगते. दुखणं दोन जातींचं असतं. एक साधं: मार लागला, हाड घासलं, सूज आली. दुसरं नसेचं. तिथं जखम दिसत नाही, पण नस उगाच बोंब मारत राहते. आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखी कळ जाते. साधं दुखणं फारच वाढलं, तर डॉक्टर ट्रामाडॉलसारखी अफूच्या गोतातली गोळी लिहितात. ती मेंदूला म्हणते, ऐकू नको. नसेची गोळी नसेला म्हणते, ओरडू नको. दोघी आपापल्या जागी गुणाच्या. नागीण झालेल्या एका बाईला पदराचा स्पर्श सहन होत नव्हता. नसेच्या गोळीनं ती महिन्यानंतर पहिल्यांदा कुशीवर झोपली आणि दुसऱ्या दिवशी मला शेपूची जुडी देऊन गेली. पण दोघींचा एक स्वभाव सारखा आहे. दोघी झोप आणतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या अंगात दोघी मिळून जास्त झाल्या की श्वासालासुद्धा पेंग येते.

सुरुवातीची काही वर्षं ही नसेची गोळी मी पाहिलीही नव्हती. मग अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, फिट येणाऱ्या पेशंटसाठी, ती अधूनमधून दिसू लागली. पुढं शुगरवाल्यांच्या तळपायाच्या आगीसाठी आली. मग कंबरेसाठी, मग मानेसाठी, आणि शेवटी शेवटी टाच दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या चिठ्ठीवरही ती दिसायची. याच काळात ट्रामाडॉलवर कायद्यानं डोळे वटारले. डॉक्टर ती जपून लिहू लागले, आणि ती कमी करता यावी म्हणून जोडीला नसेची गोळी देऊ लागले. हेतू चांगला होता. पण माझ्या काउंटरवरून मला दिसायचं ते असं, की पहिली गेलीच नाही आणि दुसरी पाहुणी म्हणून आली ती घरचीच होऊन बसली.

गोळीची कीर्तीही झपाट्यानं पसरली. आमच्याकडं गोळी लागू पडली की ती एकट्यानं खायची नाही, अशी रीत. संक्रांतीचं वाण द्यावं तशी शेजारणीला द्यायची. एक गडी तर बैलासाठी मागायला आला. "म्याडम, बैलाची नस धरली. वजनाच्या हिशोबानं द्या." मी म्हटलं, चिठ्ठी लागते. तो म्हणाला, "बैलाची चिठ्ठी?" म्हटलं, "हो, बैलाचीच. आणि बैलाच्याच डॉक्टरची." तो गुरांच्या दवाखान्यात गेला आणि परत येऊन मला सांगून गेला की नस नव्हती, खुरात बाभळीचा काटा होता. बैलाला निदान तपासलं तरी गेलं. माणसं कितीदा नुसत्या खुणेवर गोळ्या नेत होती, आणि मी देत होते.

आता पार्वताबाई. सत्तरी ओलांडलेली, काटक, तोंडाची तिखट. लग्नसराईत अर्ध्या गावाचे सरगुंडे तिच्या हातचे. सरगुंडे म्हणजे काडीवर कणीक गुंडाळून केलेल्या लांब पोकळ शेवया. ती काडी फिरवण्यात पार्वताबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सांगायची. मणका सरकल्यापासून बसणं अवघड झालं, तरी रोज सकाळी काठी टेकत माझ्या दुकानाच्या बाकावर यायची. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "काय झालं व तुले?" आणि मी काही बोलायच्या आधी उपाय सांगून मोकळी व्हायची. मी चिडायचे. पण एखादी सकाळ ती आली नाही, तर दुकान उघडल्यासारखंच वाटायचं नाही.

तिच्या कमरेला पान-सुपारीची चंची असायची, कापडाची, चार कप्प्यांची. एका कप्प्यात सुपारी, एकात कात, आणि उरलेल्या दोन कप्प्यांत गोळ्या. गोळ्या मी कापून दिलेल्या. दहाचं पाकीट असलं तरी गावात कुणी दहा नेत नाही. चार द्या, सहा द्या, पुढचं बाजाराच्या दिवशी पाहू. मग कात्रीनं पाकीट कापायचं. नाव आणि तारीख छापलेला भाग कुणाच्या तरी वाट्याला जातो, बाकीच्यांना नुसती चांदी. आम्ही सगळेच असं कापायचो. माझ्या कात्रीचं टोक डब्याचं झाकण उचकटताना मोडलं होतं, त्यामुळं प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक बारीक दाता उमटायचा. मिस्टर म्हणायचे नवी घे. मी म्हणायचे, चालते की.

पार्वताबाईला अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल आणि नसेची गोळी, दोन्ही दिल्या होत्या. वर्षभर तेच सुरू होतं. मग तिच्या पायांची आग होऊ लागली, म्हणून मुलगा सुधाकर तिला शुगरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी विचारलं, आधीच्या गोळ्या कोणत्या? तिनं चंची टेबलावर उलटी केली. सुपारीसोबत आठ-दहा चांदीचे तुकडे पडले, एकावरही नाव नाही. "ह्या कमरेच्या, ह्या बी कमरेच्या," ती म्हणाली. डॉक्टरांनी पायांसाठी नसेची गोळी लिहिली. नाव वेगळं, कंपनी वेगळी, पण गोळी पहिलीचीच सख्खी बहीण.

ती चिठ्ठी घेऊन सुधाकर माझ्याकडं आला तो बाजाराचा दिवस होता. काउंटरवर तीन रांगा. मी चिठ्ठी वाचली. मनात आलं, अरे, ही तर आधीच सुरू आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "म्याडम, गाडी चालली ना!" आणि मी स्वतःशी म्हटलं, डॉक्टरनं लिहिलं आहे, विचार करूनच लिहिलं असेल. कात्री घेतली, सहा गोळ्या कापल्या, दिल्या. एका फोनचं काम होतं. मी तो केला नाही. ही गोष्ट मी सुधाकरला सांगितली आहे, पार्वताबाईला सांगितली आहे, आज तुम्हालाही सांगते.

त्यानंतर बाकावर पार्वताबाई दिसेना. पहिले दोन दिवस मला बरं वाटलं, कबूल करते. कुणी माझ्या गिऱ्हाइकाला एरंडेल सुचवत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी सुधाकर ग्लुकोज पावडर न्यायला आला. डोळे सुजलेले.

"ताई, मायचं काही खरं नाही आता."

"काय झालं?"

"नुसती झोपून राह्यते. उठवलं तं तोतरं बोलते. काल माह्या आज्याशी बोलत होती. आजा जाऊन चाळीस वर्षं झाले. दोन्ही बहिणीले बलावलं. पाव्हणे आले सारे."

"गोळ्या?"

"देऊन राह्यलो ना टायमावर. जाता जाता दुखू नये बिचारीले. काल कण्हत होती तं कमरेची एक जास्तीची देली."

मिस्टरांना घरून बोलावून दुकानात बसवलं आणि सुधाकरच्या गाडीवर मागं बसून निघाले.

अंगणात बायका जमलेल्या. एका कोपऱ्यात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजत होते, शेजारी चुलीवर वांग्याच्या भाजीचा मोठा गंज. मी विचारलं, हे काय? पार्वताबाईची नणंद डोळे पुसत म्हणाली, "तिचा जीव अडकला हाय बाई. कायच्यात तरी अडकला. तिले रोडगे लय आवडत, म्हून टाकले. वास गेला नाकात तं सुटन बिचारी." आमच्याकडं जाणाऱ्या माणसाची वासना राहू नये म्हणून जे करतात ते सगळं प्रेमानं चाललं होतं. त्याच प्रेमानं दिवसातून तीनदा गोळ्याही जात होत्या.

आत पार्वताबाई खाटेवर आडवी. मी हाक मारली, हलवलं. डोळे किलकिले झाले आणि पुन्हा मिटले. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. मी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढं धरलं, दुसरा हात तिच्या छातीवर ठेवला आणि श्वास मोजले. मिनिटात नऊ, हवेत निदान बारा. पुन्हा मोजले. नऊच. उशीखालून चंची काढली आणि पांघरुणावर ओतली. चांदीचे तुकडेच तुकडे. काही पहिल्या चिठ्ठीचे, काही दुसऱ्या चिठ्ठीचे, कोणते कोणाचे ते मलासुद्धा पटकन ओळखू येईना. ओळखू आली ती एकच गोष्ट. प्रत्येक तुकड्याच्या कडेला तो बारीक दाता होता.

"हिला आत्ताच्या आत्ता कारंजाच्या दवाखान्यात न्यायचं," मी म्हटलं.

नणंद मधे आली. "आता कायले हलवता व? घरच्या घरी जाऊ द्या ना सुखानं."

"ती जाऊन नाही राह्यली, मावशी. तिला गुंगी चढली. गोळ्या दुप्पट झाल्या."

"कोनं देल्या दुप्पट?"

सगळा घोळका माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "मीच देल्या. या साऱ्या माह्याच कात्रीच्या हायेत." एरवी मी दुकानात पुस्तकी बोलते, पण त्या वेळी तोंडातून मेडशीच बाहेर पडली. सुधाकर उठला आणि त्यानंच आईचे पाय धरून तिला उचललं.

मी निघता निघता दोन्ही डॉक्टरांना फोन केले. पाच दिवस आधी करायचे ते. ते म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत तिला झोपू देऊ नका. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर. हाका मारल्या, चिमटे काढले, देवाची, नवऱ्याची, नातवाची शपथ घातली. काही नाही. श्वास लांबत चालले. मी घाबरून गेले होते आणि रडायलाही येत होतं. मग कुठून सुचलं कोण जाणे, मी तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हटलं, "पार्वताबाई, खरं सांगू का? तुमचे सरगुंडे जाड असतात."

एक डोळा उघडला.

"कोन म्हनते?" आवाज तोतरा, पण राग शुद्ध.

"सारं गाव म्हनते. तोंडावर कोनी बोलत नाही."

"तुह्या... सासूनं... खाल्ले होते. दोन वाट्या."

"उपाशी होती म्हून."

असं करत करत, सासू, नणंद, माझं लग्न, त्या लग्नातल्या पंगती, सगळं उकरून काढत मी तिला कारंजापर्यंत जागं ठेवलं. सुधाकर पुढच्या सीटवर एकदा हसायचा आणि एकदा डोळे पुसायचा. मी इतकं खोटं आयुष्यात एका दमात बोललेले नाही. सरगुंडे तिचे केसासारखे बारीक असतात.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सुई दिली, सलाईन लावलं. तपासणीत निघालं की तिची किडनी वयानं मंदावली होती, त्यामुळं एक गोळीसुद्धा अंगात दोन गोळ्यांएवढी साचत होती. डॉक्टरांनी दुप्पट झालेली गोळी काढली, उरलेल्याही हळूहळू कमी करत नेल्या. या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, हेही मला बऱ्याच लोकांना ओरडून सांगावं लागलेलं आहे. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर पार्वताबाई उशीला टेकून बसलेली. मला पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न, "माह्या नावाचे रोडगे कोनं खाल्ले?"

"पाहुण्यांनी."

"भाजी?"

"तीही."

"म्हंजे मी मराचं ह्यायच्या पोटासाठी!" ती म्हणाली आणि इतकी हसली की नर्स धावत आली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुले आठवलं होतं तं बोलली काहून नाही?" मी म्हटलं, गर्दी होती. "गर्दी तं रोजच राह्यते, शिला," ती म्हणाली.

घरी येऊन मी कात्री फेकून दिली. नवी घेतली आणि नेम केला, की नाव छापलेला भाग ज्याच्या गोळ्या त्याच्याबरोबरच जाईल. तसं जमलं नाही तर कागदी पाकिटावर ठसठशीत अक्षरात नाव, कशासाठी, कुणी दिली, आणि किती. चिठ्ठी हातात आली की आधी प्रश्न, मग गोळी: "दुसऱ्या कोण्या डॉक्टरची गोळी सुरू आहे का?" लोक वैतागायचे. "म्याडम, गोयी मांगतली, मुलाखत नाही." पण विचारायला लागले तेव्हा कळलं, किती घरांत ही जोडी नांदत होती, आणि किती ठिकाणी दोनाच्या तीन झाल्या होत्या. एका डॉक्टरांनी सुनावलं की मेडिकलवाल्यांनी डॉक्टरकी करू नये. वर्षभरानं त्यांचाच फोन आला, "ताई, हा पेशंट तुमच्याकडून अजून काय नेतो?" त्या दिवशी मी मिस्टरांना शिरा करून घातला.

एक सल मात्र आहे. पार्वताबाईच्या आधी एक म्हातारे गिऱ्हाईक होते, कंबरेचेच. त्यांचा मुलगा एकदा सांगून गेला होता, बाबा शेवटी खूप झोपायचे, शांतपणे गेले. मी म्हटलं होतं, भाग्यवान. तेव्हा मी विचारलं नव्हतं की गोळ्या कोणत्या चालू होत्या. वयच झालं होतं, असं सगळे म्हणतात. असेलही.

आता शेवटचं. एकतीस वर्षं काउंटरमागं उभी राहिलेली माझी कंबर यंदा बोलायला लागली. अकोल्याला दाखवलं. डॉक्टरांनी लिहिलं काय? ट्रामाडॉल आणि नसेची गोळी. मी चिठ्ठी घेऊन माझ्याच जुन्या दुकानात, काउंटरच्या उलट्या बाजूला उभी राहिले. नवा मालक हुशार आहे, त्यानं चिठ्ठी वाचली आणि मला पाहून नुसता हसला. म्याडमला काय विचारायचं, असं त्याला वाटलं असणार. त्यानं कात्री उचलली.

बाकावरून आवाज आला, "थांब रे."

पार्वताबाई. आता पाठीत पार वाकलेली, दात एकही नाही, पण बाक सोडलेला नाही. तिची चंची अजून आहे. तिच्यात सुपारी कमी आणि माझ्या अक्षरातले कागद जास्त.

"शिला, दुसऱ्या कोन्या डाक्टरची गोयी सुरू हाय का तुले?"

मी तोंड उघडलं, "नाही" म्हणणार होते. मग आठवलं. गेले तीन महिने झोप लागत नाही म्हणून वाशीमच्या एका डॉक्टरांची अर्धी गोळी मी रोज घेत होते. अकोल्याच्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. का नाही? बाहेर पेशंट खोळंबले होते. गर्दी होती.

नव्या मालकाच्या हातात कात्री तशीच. मी फोन काढला आणि अकोल्याला लावला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, झोपेची गोळी या दोघींबरोबर नको म्हणाले, वाशीमच्या डॉक्टरांशी स्वतः बोलले, आणि निम्म्या ताकदीची नवी चिठ्ठी पाठवली. एवढं होईपर्यंत मागं चार माणसं खोळंबली. कुणीतरी म्हणालं, गाडी चालली. पार्वताबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की गाडी त्याच्याविना गेली.

मग तिनं मला बाकावर शेजारी बसवलं, काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ सोडायला लागली.

"हे कायले?"

"गोयी खाल्ली का मले बलाव. आज तुह्यापाशी मी बसतो. तू माहे मोजले होते ना, आता मी तुहे मोजतो."

"पार्वताबाई, तुम्हाला घड्याळ कुठं वाचता येतं?"

"नाही येत," ती म्हणाली, आणि घड्याळ चंचीत टाकून चंचीची दोरी आवळली. "म्हून तं तुले जागंच ठेवतो. तुही पुरनपोई कशी फाटते, तितूनच सुरू करू."